गेट बंद होतं

चेतनाबाई खोब्रागडेंचा राग नोएडातल्या त्या गल्लीला चांगला ठाऊक होता. त्या येताना दिसल्या की भाजीवाला सडके टोमॅटो आपणहून बाजूला काढायचा. मुलींच्या पीजीची वॉर्डन म्हटल्यावर बाई कडक असणारच, असं लोक म्हणत. पण चेतनाबाई वॉर्डन व्हायच्या कितीतरी आधीपासून तशाच होत्या. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या दिल्लीला आल्या. नवरा यशवंत कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र राज्याच्या अतिथिगृहात नोकरीला होता, स्वभावाने अगदी थंड. "दिल्लीत थंडी फार, घरात एक तरी माणूस गरम हवं," असं तो हसून म्हणायचा. मुलगा संघपाल शिकून बंगळुरूला गेला, आणि यशवंत रिटायर व्हायच्या आतच गेला. मयूर विहारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये भिंतींवर चिडून काय उपयोग? चेतनाबाईंनी पीजीची नोकरी धरली आणि तिथंच राहायला लागल्या.

पीजीतल्या मुली कॉलेजच्या नव्हत्या. कुणी आयटीत, कुणी चॅनेलमध्ये, कुणी बँकेत. कंपनीत हाताखाली चार-चार माणसं असणाऱ्या. पण संध्याकाळी साडेआठ वाजले की गेटला कुलूप. उशिरा येणारीनं आधी सांगायचं, आणि चेतनाबाईंनी हो म्हटलं तरच गार्ड रामबीर किल्ली काढणार. नियम मालक भाटियांचा. पण चेतनाबाई तो मनापासून राबवायच्या. नवीन मुलीचे आईवडील फोन करायचे तेव्हा जेवण कसं, खोलीत ऊन येतं का, हे नंतर, आधी विचारायचे, "गेट कधी बंद होतं?" उत्तर ऐकलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा, आणि चेतनाबाईंनाही आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटायचं.

गेटसमोर, रस्त्यापलीकडे, फूलमतीचं इस्त्रीचं टेबल होतं. मुलींच्या कुर्त्यांना इस्त्री तीच करायची. कोळशाची जड इस्त्री ती अशी फिरवायची की बघत राहावं. तिचा नवरा काही करत नव्हता. प्यायचा, आणि मारायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. मारतो हे माहीत असणं आणि मारताना बघणं यात फरक असतो, म्हणून सगळ्यांचं बरं चाललं होतं.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी चेतनाबाई मयूर विहारला फ्लॅट बघायला गेल्या होत्या. निघायला उशीर झाला. त्यांनी मेट्रोतूनच रामबीरला फोन करून आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितलं, "वेळ झाली की कुलूप घाल, माझी वाट बघू नकोस." मेट्रोतून उतरून त्या गल्लीत आल्या तेव्हा फूलमतीच्या टेबलाभोवती माणसं गोळा झाली होती. फूलमती जमिनीवर बसली होती. तिचा उजवा हात मनगटातून नको तसा वाकडा लोंबत होता. एका ई-रिक्षावाल्यानं तिच्या नवऱ्याला मागून घट्ट धरून ठेवलं होतं. बाकीचे बघत होते.

चेतनाबाईंनी वर पाहिलं. पीजीच्या एकूण एक खिडकीत दिवा होता आणि प्रत्येक खिडकीत मुली होत्या. काहींच्या हातात मोबाइल होते, पुढे धरलेले.

ई-रिक्षावाल्याबरोबर फूलमतीला हॉस्पिटलमध्ये पोचवून, हाताला प्लास्टर घालून, तिच्या बहिणीच्या ताब्यात देऊन चेतनाबाई परत आल्या. जिना चढायच्या आधी त्यांनी रामबीरला धरलं.

"तुझ्या डोळ्यांसमोर एका बाईचा हात मोडला. तू काय करत होतास?"

रामबीर उभा राहिला. म्हातारा माणूस, उत्तर प्रदेशातल्या एटाकडचा. आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, मेरी ड्यूटी गेट की है. वैभवी बिटिया आई थी नीचे, बोली खोलो. मैंने कहा मॅडम का ऑर्डर नहीं है. ताला आपने लगवाया था, मैंने थोड़े ही लगाया."

चेतनाबाईंना त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली. पण तो बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्यांनी सगळ्या मुलींना जेवायच्या हॉलमध्ये बोलावलं. आपला मोबाइल टेबलावर आपटला.

"बघा यात. एकीचा तरी फोन आलाय का मला? एकीनं तरी पोलिसांना लावला? तुमच्या हातात फोन होते ना? काय करत होतात?"

एकजण पुटपुटली, "आंटी, व्हिडिओ बना रहे थे. प्रूफ के लिए."

"कुणाला दाखवायचं प्रूफ? देवाला?"

"गेट बंद था, आंटी."

"गेट बंद होतं! तोंड बंद होतं का? वरून ओरडता येत नव्हतं? एवढ्या जणी एकदम ओरडला असतात तर तो दारुडा पळून गेला असता!"

आता त्यांचा आवाज गल्लीपर्यंत जात होता. मुली खाली माना घालून उभ्या होत्या. तेवढ्यात रुचिता बोलली. रुचिता कुलथे, दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांची बदली नागपूरला झाली म्हणून पीजीत आलेली. पूर्ण पीजीत चेतनाबाईंना मावशी म्हणणारी ती एकटीच.

"मावशी, सच सांगू? राग नका करू."

"बोल."

"तो मारत होता तेव्हा मला पहिले वाटलं, जायला पाहिजे. मग आठवलं, गेट बंद आहे. आणि मला बरं वाटलं." तिनं डोळे पुसले. "म्हणजे… रिलीफ. की आता आपल्याला काही करायचं नाही. आपली गलतीच नाही. मला खूप घाण वाटतंय, मावशी."

चेतनाबाईंनी टेबलावरचा मोबाइल उचलून घेतला. इतकी वर्षं त्या कुलुपाकडे मुलींना जपणारी वस्तू म्हणून बघत होत्या. ते मुलींना कशापासून जपत होतं, ते आज या पोरीनं सांगितलं होतं. मुलींचं जाऊ दे; आपण मेट्रोतून 'कुलूप घाल' म्हणालो तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं? हेच. आता काही झालं तरी आपल्यावर येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रामबीरकडून कुलूप मागून घेतलं आणि चावीवाल्याला बोलावून गेटला आतून उघडणारं लॅच बसवलं. प्रत्येक मुलीला एकेक किल्ली दिली. रामबीरला म्हणाल्या, "तू बाहेरच्यांना आत येऊ द्यायचं नाहीस. आतल्यांना बाहेर जाताना अडवायचं नाहीस. कळलं?"

भाटिया दुपारी गाडी घेऊन आले. "मॅडम, आपने किससे पूछा?"

"कुणालाच नाही."

"कल को किसी लड़की के साथ कुछ हो गया तो ज़िम्मेदारी किसकी?"

"तिची. आणि जिथं माझी असेल तिथं माझी." रागाच्या भरात आपण मराठीत बोलतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, मग तेच हिंदीत, आणखी मोठ्यानं सांगितलं. "कोंडलेल्या माणसाला जबाबदार कसं धरता, भाटियाजी? शेळीला दाव्यानं बांधायचं आणि वर म्हणायचं, बघा किती शहाणी, कुणाच्या शेतात शिरत नाही! आणि जिन्यात आग लागली तर? किल्ली शोधत बसणार रामबीर?"

आगीचं ऐकून भाटिया जरा दचकले. तरी महिनाअखेर दुसरी वॉर्डन बघतो असं बजावून गेले.

पालकांच्या ग्रुपवर तर वणवाच पेटला. 'हमने लॉक देखकर ही रूम लिया था.' 'बेटियों की सुरक्षा से खिलवाड़.' दोघीतिघींना घरच्यांनी त्याच आठवड्यात दुसरीकडे हलवलं. ज्या मुली स्वतःच्या पगारातून आईवडिलांना पैसे पाठवत होत्या, त्या सामान बांधताना रडल्या, पण घरच्यांपुढे एक शब्द बोलल्या नाहीत. चेतनाबाई त्यांच्यावरही चिडल्या. मग त्यांच्या बॅगा मात्र स्वतः खाली उतरवल्या.

फूलमतीच्या नवऱ्यावर तक्रार झाली होती, पण चौकीतला माणूस म्हणत होता, घरचा मामला आहे, साक्षीदार आहे का कुणी? चेतनाबाईंनी पुन्हा मुलींना हॉलमध्ये जमवलं.

"उद्या सकाळी मी चौकीवर जाणार आहे. जिनं पाहिलंय तिनं यावं. व्हिडिओ असेल तर तोही आणावा."

येणारच, असं त्यांना वाटलं होतं. गेट उघडं केलं की झालं, अशीच त्यांची समजूत. सकाळी गेटपाशी आली फक्त वैभवी, त्या संध्याकाळी रामबीरकडे किल्ली मागायला उतरलेली.

रुचिता जिन्यात भेटली, ऑफिसच्या कपड्यात. "मावशी, पप्पा नको म्हणतात. कोर्ट-बिर्ट होईल, जॉबवर प्रॉब्लेम होईल."

चेतनाबाईंच्या तोंडात शब्दांचा ढीग आला. परवा रडत होतीस ना? घाण वाटत होतं ना? एवढ्यात धुऊन निघालं? हात धरून ओढत न्यावं तिला, असं वाटलं. आणि त्यांचं ऐकून ती आलीही असती. आयुष्यभर ती कुणाचं ना कुणाचं ऐकतच आली होती.

त्यांना त्यांचे वडील आठवले. शांतारामजी, खेड्यातले शाळामास्तर. विहारात पंचशील म्हणताना लहानग्या चेतनानं एकदा विचारलं होतं, हे सगळं करू नका असं आपल्याला कोण सांगतंय? मास्तर म्हणाले होते, "कुणीच नाही. नीट ऐक, शेवटी समादियामि म्हणतो आपण. मी स्वतः घेतो. कुणी लादलं असतं तर ते शील झालं नसतं, शिक्षा झाली असती."

"जा ऑफिसला," चेतनाबाई रुचिताला म्हणाल्या. "उशीर होईल तुला."

एवढं बोलायला त्यांना जितका जोर लावावा लागला, तितका भाटियांशी भांडतानाही लागला नव्हता.

चौकीवर वैभवीनं जबाब दिला, चेतनाबाईंनी आपला दिला. नवरा आत गेला, आणि थोड्याच दिवसांत जामिनावर सुटलाही. फूलमती आपल्या मुलाला घेऊन बहिणीकडून परत आली आणि टेबलाशी एका हातानं कपड्यांच्या घड्या घालू लागली. इस्त्री आता तिची भाची फिरवत होती. नवरा गल्लीच्या तोंडाशी घुटमळायचा. चेतनाबाई त्याच्याकडे अशा बघायच्या की तो दुसऱ्या बाजूनं जायचा.

"घरात घेऊ नकोस त्याला," त्या फूलमतीला रोज दटावायच्या.

एक दिवस फूलमतीच वैतागली. "दीदी, वो भी हुकुम देता है, आप भी हुकुम देती हो. हमको सोचने दो."

चेतनाबाई चिडून परत फिरल्या. दोन दिवस कपडे दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी साड्यांचं गाठोडं घेऊन गेल्या आणि काही न बोलता टेबलावर ठेवलं. नवऱ्याला घरात घ्यायचं नाही, हे फूलमतीनं पुढे ठरवलं. पण ते तिनं ठरवलं, स्वतःच्या वेळेला.

महिनाअखेर आली तरी नवी वॉर्डन आली नाही. झालं असं की गल्लीत बातमी पसरली: या पीजीत मुलींकडे स्वतःची किल्ली असते. रिकाम्या झालेल्या खोल्यांसाठी रांग लागली. भाटियांनी इंटरनेटवरच्या जाहिरातीत 'नो कर्फ्यू' असं मोठ्या अक्षरांत टाकलं आणि भाडं वाढवलं.

"देखा मॅडम, आपका आयडिया चल गया," ते खूश होऊन म्हणाले.

चेतनाबाईंना यात आनंद व्हायला हवा होता. त्या दिवसभर धुमसत राहिल्या. भाटियाला पटलं नव्हतं, परवडलं होतं. उद्या कुलूप परवडलं तर तो कुलूप लावणार.

मार्चमध्ये एका रविवारी रुचिताचे वडील, विनायकराव कुलथे, नागपूरहून आले. फोन न करता. हॉलमध्ये बसले नाहीत, उभ्यानंच बोलायला लागले.

"खोब्रागडे मॅडम, माझ्या मुलीला तुम्ही पोलिसात पाठवलंत?"

चेतनाबाईंना कळेचना. "मी? कधी?"

"नाटक करू नका. मागच्या आठवड्यात तिनं जबाब दिलाय. काल मला फोनवर सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून गेली ती?"

तेवढ्यात रुचिता जिन्यावरून खाली आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. चेतनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ही गेली होती. एकटी. कुणाला न सांगता. त्यांना तिला मिठी मारावीशी वाटली आणि एकटी का गेलीस म्हणून झापावंसंही वाटलं. आणि कुलथ्यांना तर असं सुनावावंसं वाटलं की माणसानं नागपूरपर्यंत चालत जावं.

"पप्पा, मावशींना माहीतच नव्हतं," रुचिता म्हणाली.

"तू गप्प बस. मी यांच्याशी बोलतोय."

"नाही. माझ्याशी बोला. मी गेले होते."

कुलथ्यांनी चेतनाबाईंकडे पाहिलं, जणू मोठ्या माणसांतलं बोलणं मोठ्यांनीच करावं. चेतनाबाईंचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं. "तुमचं चालू द्या," एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथं त्यांनी भांडी इतक्या जोरानं आदळली की कुकनं गॅस बारीक केला.

बाहेरून आवाज येत होते. वडिलांचा चढा. मुलीचा कापरा, मध्येच हिंदीत घसरणारा, पण न थांबणारा. "तुम्ही म्हणता सेफ राहा. मी तेव्हा सेफच होते, पप्पा. फूलमती नव्हती."

कुलथे न जेवता गेले. जाताना मुलीच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला नाही. रुचिता गेटपर्यंत त्यांच्यामागे गेली, परत आली, आणि जेवायच्या टेबलाशी बसून भरपूर रडली. चेतनाबाईंनी तिच्यासमोर ताट ठेवलं.

"एकटी कशाला गेली होतीस, अं? मी मेले होते का?"

"तुम्ही आल्या असत्या तर तुम्हीच बोलल्या असत्या, मावशी."

चेतनाबाईंना याचाही राग आला. पोळी वाढून त्या तिच्यासमोर बसल्या.