धार नखावर बघतात

“हात कर,” बापूसाहेब म्हणाले, आणि माझ्या बापानं डावा हात पुढे केला.

बाही त्यानं आधीच वर सारून ठेवली होती. त्याला ठाऊक होतं.

मळ्यातल्या बंगल्यापुढं हुरड्याला आलेले चार पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. मधोमध बापूसाहेब. आमच्या गावची निम्मी जमीन त्यांची. हातात शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू. माझ्या बापानं नुकताच तासभर घासून धार लावलेला. बापूसाहेबांनी बापाचं मनगट धरलं नाही. बोटाला बोट लागू दिलं नाही. नुसतं पातं टेकवलं आणि मनगटापासून कोपराकडं सरकवलं. केस भुरभुर खाली पडले.

“न्हाव्याला सुट्टी द्या आता,” एक पाहुणा म्हणाला. सगळे खो खो हसले. माझा बापही हसला.

कोपराजवळ रक्ताचा एक थेंब आला.

“धार जरा जास्तच झाली रे.”

“व्हय मालक,” बाप म्हणाला. म्हणजे चूक बापाची. काम चांगलं झालं ही त्याची चूक.

मी नऊ वर्षांची होते. पाण्याचा डबा धरून बाजूला उभी होते. बापूसाहेबांच्या स्वतःच्या हातावर केस नव्हते का? होते. अस्वलासारखे. सोन्याचं कडं त्या केसांत बुडालं होतं. पण तेव्हा मला तो प्रश्न पडला नाही. तेव्हा मला वाटलं, माझ्या बापाचं कौतुक चाललंय.

लाज वाटते सांगायला, पण सांगते. मला त्या हाताचा अभिमान होता.

आमच्या वस्तीत प्रत्येकाच्या बापाच्या अंगावर त्याच्या कामाची खूण होती. गवंड्याची बोटं चुन्यानं खाल्लेली. मोंढ्यात हळदीची पोती उचलणाऱ्याच्या मानेवर घट्टा. माझ्या बापाचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत. उजव्यावर केस, डाव्यावर नाही. मला वाटायचं, धारवाल्याचा हात असाच असतो. असाच असायला लागतो.

मग एका दुपारी मी काय केलं? बाप जेवून आडवा झाला होता. त्याच्या पिशवीतला चाकू काढला आणि माझ्या डाव्या हातावरची लव तासून काढली. दोन जागी कापलं. तरी केलं पूर्ण. हात घेऊन ऐटीत बापापुढं उभी राहिले. म्हणाले, “बा, बघ. आता मी बी धारवाली.”

बापानं माझ्या थोबाडीत मारली.

जन्मात त्यानं मला तेवढं एकदाच मारलं. मारलं आणि घराबाहेर निघून गेला. माय मला जवळ घेऊन हळद दाबत राहिली. मी रडत विचारत होते, “मारलं काहून? मी काय केलं?” मायनं हाताला चिंधी बांधली. तिला सगळं माहीत होतं. सगळ्या वस्तीला माहीत होतं. मी एकटीच अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते.

हा धंदा आमच्या घराण्यातला नाही, हे आधीच सांगते. उगाच कोणी परंपरेच्या गोष्टी सांगू नयेत. बाप तरुणपणी वसमतकडं साखर कारखान्याच्या वर्कशॉपात रोजंदारीवर होता. तिथं एका म्हाताऱ्या शिकलगार मिस्त्रीनं त्याला हे काम शिकवलं. काम सुटल्यावर बापानं एक जुनी सायकल घेतली. हँडलपुढं साणेचं चाक बसवलं. सायकल स्टँडवर उभी करायची, पेडल मारायचं, चाक गरगर फिरायचं. विळे, खुरपी, विळ्या, अडकित्ते सगळं त्या चाकावर. घडीचा चाकू मात्र चाकावर कधीच नाही. त्याचं पातं पातळ. चाकावर तापतं, निळं पडतं. निळं पडलेलं पातं मेलं समजायचं, त्याला परत धार टिकत नाही. ते निसण्यावर घासायचं. ओल्या दगडावर, हातानं, एकाच तिरक्या चालीनं.

मला चौदाव्या वर्षी बापानं हे सगळं शिकवलं. त्याचे गुडघे तेव्हाच धरायला लागले होते. बिजागरीत अडकलेली घाण रॉकेलनं कशी धुवायची. खिळा किती सैल, किती घट्ट. तेलाचा एकच थेंब, दुसरा टाकला की धूळ धरते. शेवटी कातडी पट्ट्यावर पातं उलटं ओढायचं. आणि मग धार बघायची.

“बोट लावायचं न्हाई,” तो म्हणाला. “नखावर टेकव. हलक्या हातानं. सरकलं तर बोथट. आडकलं तर धार.”

मी टेकवलं. अडकलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

“नखावर कळते, तर मग हातावर काहून बघतेत?”

बाप निसणा धुवत राहिला. धुता धुताच म्हणाला, “त्यांची रीत हाय. जुनी हाय.”

“तुजे मिस्त्री कुठं बघायचे?”

“नखावर.”

“मंग रीत जुनी कशी? धंदा तूच आणला गावात.”

त्यानं निसणा पालथा ठेवला. उठून गेला. पण त्या दिवसापासून मला राग यायला लागला. आधी बापूसाहेबांचा नाही, बापाचाच आला. खरं तेच सांगते. मला वाटायचं, एवढं सगळं येतं या माणसाला. पंचक्रोशीत असं काम कोणाला येत नाही. आणि एक वाक्य येत नाही. “नखावर बघा मालक.” तीन शब्द.

आता मी छत्तिशीची आहे. लग्न झालं, मोडलं, परत आले. बाप बाजेवर. सायकल माझ्याकडं आली. बाई पेडल मारते म्हणून पहिल्या महिन्यात पोरंटोरं मोबाईलवर व्हिडिओ काढायची. काढू दिले. पण काम एवढं, की हळद काढणीच्या दिवसांत मला पाणी प्यायला फुरसत नसायची.

बापूसाहेब आता सत्तरीचे. त्यांना नवा नाद लागला. घडीचे चाकू ऑनलाईन मागवतात. काचेच्या कपाटात मांडून ठेवतात, खाली दिवा लावलाय. एकाचं पातं पाण्याच्या लाटांसारखं नक्षीचं, एकाची मूठ हिरव्या दगडाची. पाहुणे आले की कपाट उघडतात, चाकू काढतात, पेरू कापतात. तसेच चिकट ठेवून देतात. मग फोन करतात. मी जाते. पडवीच्या पायरीखाली बसते, जिथं चपला काढतात तिथं. पेरूचा चिकटा काढते, गंज काढते, धार लावते. चाकू पायरीवर ठेवते. ते पायरीवरून उचलतात. हे असंच चालत होतं; हात मात्र त्यांनी माझ्याकडं कधी मागितला नव्हता.

हेच बापूसाहेब जयंतीला निळा फेटा बांधून आमच्या स्टेजवर बसतात. “आपल्या गावात भेदभाव न्हाई,” असं दरवर्षी बोलतात. दरवर्षी टाळ्या पडतात. मीही वाजवल्यात.

तर मागच्या हिवाळ्यात त्यांचा भाचा मित्रांना घेऊन आला. पडवीत सात-आठ जणं. मी हिरव्या मुठीचा चाकू करून पायरीवर ठेवला. बापूसाहेबांनी उचलला, उन्हात धरला. मित्रांना म्हणाले, “आता गंमत दाखवतो.” आणि माझ्याकडं बघून, अगदी सहज, पाणी मागावं तसं म्हणाले,

“हात कर.”

भाच्यानं मोबाईल वर केला.

खोटं कशाला बोलू, माझा हात हलला. डावा हात. गुडघ्यावरून उचलला गेला. कोणी मला शिकवलं नव्हतं, तरी उचलला गेला. त्या हाताचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचा आला नाही. मी तो खाली घेतला.

“नखावर बघा, बापूसाहेब,” मी म्हणाले. “आडकलं तर धार.”

“मला शिकवू नको. तुझ्या बापानं कधी न्हाई म्हटलं न्हाई.”

“त्यानं न्हाई म्हटलं न्हाई. मी म्हणून राहिले.”

“गंमत हाय पोरी. काही तकलीफ होत न्हाई.”

“न्हाई होत ना? मंग चाकू तुमचा, गंमत तुमची. हात बी तुमचाच करा.”

कोणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं. भाच्यानं मोबाईल खिशात घातला. बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. ते उभे राहिले. चाकू उघडाच हातात.

“माजलीस तू. गावात तुला कोण काम देतं, बघतो मी.”

मी निसणा उचलला. पाण्याचा डबा ओतून दिला. पाच चाकू करायचे राहिले होते, तसेच ठेवून सायकल काढली. फाटकाबाहेर येईपर्यंत मला पेडल सापडत नव्हतं. पण आनंद म्हणावा असं काही वाटलं नाही. फक्त राग. इतकी वर्षं एवढंच बोलायचं होतं, आणि ते कोणीच बोललं नव्हतं, याचा राग.

घरी बापाला सांगितलं. तो बाजेवर उठून बसला.

“येवढी वर्षं मी दिला हात. तुला एका दिवसात काय झालं?”

“तुझा हात तुझा होता, बा. माझा माझा हाय.”

“पोट कशानं भरशील?”

त्याचं खरं ठरलं. आठ दिवसांत गावातलं काम बंद झालं. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसतं कोणी आलं नाही. मी ग्रामपंचायतीसमोर सायकल उभी करायचे आणि चाक रिकामं फिरवून घरी यायचे. चौकीत जाऊन तक्रार सांगितली. तिथल्या माणसानं माझा हात निरखून बघितला, वर केला, खाली केला. “जखम कुठं हाय, बाई?” मी म्हणाले, “होऊ दिली न्हाई, हीच तक्रार हाय.” तो म्हणाला, “मंग लिहू काय?” मी म्हणाले, “जे सांगितलं तेच लिहा.” दोन तास बसले. त्यानं लिहिलं. त्याचा कागद माझ्याजवळ आहे.

मग एक दिवस दिवेलागणीला मागच्या दारी शांताकाकू आली. वरच्या आळीतली, दोन एकरवाली, स्वतःच रोजानं जाणारी. पदराखालून विळी काढली. “पोरी, भाजी चिरंना झालीय. एवढी घासून दे. कोणाला सांगू नको.”

मला तिची कीव आली. तिनं मला लहानपणी बोरं दिलीत. हात पुढे होत होता. मग वाटलं, नाही. आज ही पदराखाली विळी, उद्या अख्खं गाव पदराखाली. मी गावाची चोरटी धारवाली होणार. माझ्या हातचं काम सगळ्यांना हवं, फक्त मी दिसायला नको.

“काकू, दिवसा आण. पंचायतीपुढं. फुकट करून देते.”

“तिथं कशी येऊ माय? मालक बघतेत.”

“मंग बोथट विळीनं चिर.”

ती रडत गेली. मीही आत येऊन रडले. पण बोलावलं नाही परत. सध्या मी वसमतला बाजारात बसते. पहाटेच्या एसटीनं जायचं, निसणा पिशवीत. चाकाची सायकल तिथं एका पानवाल्याकडं ठेवलीय. पोट भरतं, अर्धं का होईना.

गेल्या आठवड्यात बापूसाहेबांचा गडी घरी आला. सोबत मखमलीचा डबा, आत सगळे चाकू. कोणाकडं तरी चाकावर धार लावून आणले होते. चारांची पाती निळी पडलेली. हिरव्या मुठीचंही. मी एकेक उघडून बघितलं आणि मिटून ठेवलं.

“मालक म्हणतेत, हाताचं सोडून दिलं,” गडी म्हणाला. “गाव बी मोकळं करतेत. तू फक्त बंगल्यावर येऊन माफी मागून जा. बस.”

बाप बाजेवरून म्हणाला, “जा पोरी. दोन शब्दांनी काय जातंय? माग माफी.”

मी बापाकडं बघितलं. सत्तर वर्षांचा माणूस. अख्ख्या तालुक्यात ज्याच्या हातची धार नावाजली, तो माणूस. आणि मला इतका संताप आला की मी डब्याचं झाकण दाणकन लावलं.

“बा, मी माफी मागीन बी. पण तुझ्यापुढं येऊन माफी कोण मागणार?”

बाप भिंतीकडं तोंड करून निजला. गडी उभाच. मी डबा त्याच्या हातात दिला आणि निरोप दिला, जसाच्या तसा सांग म्हणाले. माफी मागायची आहे, बरोबर आहे. ती बंगल्यातून निघेल. मळ्यातून, गावातून, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांपुढून चालत आमच्या वस्तीत येईल. माझ्या बापाच्या बाजेपाशी उभी राहील आणि तोंडानं बोलेल. बाप आहे तोवर यायचं तर या. ती येईपर्यंत या डब्यातलं एकही पातं माझ्या दगडाला लागणार नाही.

आणि आलात तरी, धार लावायची का नाही, ते मी ठरवीन.