वाक्यापुरती शांतता

हळदीच्या पेढीत दुपारभर बसून आलं की पिवळेपणा कपड्यांना लागतोच. कितीही झटका, कुठेतरी शिवणीत राहतो. आमच्या नाटकवाचनाच्या किश्श्यांचं तसंच झालंय. लग्न होऊन सांगलीहून उंब्रजला आले, बॅगा रिकाम्या झाल्या, साड्या कपाटात लागल्या, किस्से मात्र अजून निघतायत! भांडी घासताना एकटीच हसते. नव्या सुनेनं असं एकटीनं हसणं बरं दिसत नाही, म्हणून लिहून काढते.

*

आम्ही चौघं. पेढीचे मालक चौगुले अण्णा, रिटायर्ड नर्स मालूताई, एसटीत कंडक्टर होते ते बंडूकाका आणि मी. रविवारी दुपारी पेढीच्या मागच्या खोलीत एक जुनं पाच अंकी नाटक मोठ्यानं वाचायचं. करून दाखवायचं काही नाही. खुर्चीत बसून नुसतं वाचायचं.

रंगसूचना बंडूकाकांकडे होत्या. पुस्तकात छापलेलं असायचं, ‘सरदार प्रवेश करतात. दासी जाते.’ बंडूकाका वाचायचे, “सरदार आत आले. दासी, चला, उतरून घ्या!”

*

सरदार म्हणजे अण्णा. एकदा दरबारात गरजत असतानाच पेढीचा फोन वाजला. आवेश उतरायला वेळच मिळाला नाही.

“बोला! काय हवंय तुम्हाला? माझी जहागीर, की माझे प्राण?”

पलीकडून दबकत आवाज आला, “हळकुंडाचं एक पोतं, अण्णा. पण राहू दे. उद्या करतो फोन!”

*

आमचे नियम दोनच. एक म्हणजे घरी पुढचं वाचायचं नाही. दुसरा अण्णांचा लाडका. कुणी आलं नाही, तर त्याची वाक्यं दुसऱ्यानं वाचायची नाहीत. त्याची खुर्ची तशीच ठेवायची आणि वाक्यापुरतं गप्प बसायचं. अण्णा त्या वाक्यावरून बोट फिरवत. बोट टोकाला पोचलं की पुढच्यानं बोलायचं.

मालूताई लेकीकडे गेल्या तेव्हाची गंमत. त्या सरदारांच्या आई, म्हणजे नाटकातल्या माझ्या सासूबाई. मी सरदारीणबाई. त्या दिवशी रिकामी खुर्ची मला शांतपणे टोचून बोलत होती, आणि मी तिला कळवळून सांगत होते, “आपण मला असं बोलू नये!” त्या शांततेत बंडूकाका चक्क घोरायला लागले.

मालूताई परत आल्यावर म्हणाल्या, “काय अण्णा, माझं काम कसं झालं?”

“बंडूला झोप लागली.”

“म्हणजे नेहमीसारखंच झालं की!”

*

मग मला बघायला आले. मुलगा फौजेत, सुट्टीवर आलेला. बरोबर त्याच्या आई. कुणीतरी छंद विचारला. मी म्हणाले, “नाटक वाचते.”

“वाचती?” मुलाच्या आई सरसावून बसल्या. “नाटक बघायचं आस्तंय न्हवं?”

मी पोह्यांची बशी पुढं केली. उत्तर नंतर सुचलं. बघताना दुसऱ्यांचा आवाज ऐकू येतो, मोठ्यानं वाचताना आपला. आमच्या घरात मी ‘हो’ आणि ‘चालेल’च्या पुढं बोललेली कुणाला आठवत नाही. पण रविवारी, हळदीच्या पोत्यांना टेकून, मी सरदारांना उभं-आडवं फैलावर घ्यायचे!

चौथा अंक संपला तिथं सरदारीणबाई घर सोडून निघाल्या आणि माझं लग्न आलं. अण्णा म्हणाले, “पाचव्याला थांबतो आम्ही.” मी मान डोलावली. किती थांबतील हे मला माहीत होतं. अण्णांचं बोट वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत.

*

उंब्रजला सासूबाईंना सगळे आत्या म्हणतात, मीही. नवऱ्याची सुट्टी संपली, ते ड्युटीवर गेले. एका दुपारी आत्या बाजारात गेल्यात असं समजून मी परसात नाटकाचं पुस्तक उघडून चौथ्या अंकाचा शेवट मोठ्यानं वाचला. “ज्या घरात माझ्या शब्दाला पाटाएवढीही जागा नाही, त्याचा उंबरठा मला काय अडवणार!”

वळून बघते तर आत्या, हातात मेथीची जुडी.

“कुणी काय बोललं का तुला?”

“नाही, आत्या. नाटकातली बाई बोलतेय.”

आत्या मेथी घेऊन पायरीवर बसल्या. “मग? गेली?”

“गेली.”

“परत आली का?”

“माहीत नाही. पुढचं एकटीनं वाचायचं नाही, नियम आहे.”

“पुस्तक तुझ्या हातात, आन् तुला ठावं न्हाई?” मेथी निवडता निवडता हात थांबला. “न्हाई आली तरी चालंल. बाईनं एकदा तरी जाऊन बघावं.”

*

त्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. आत्यांनी आधी घेतला.

“आरं, ती गेली रं घर सोडून! लय शाणी बाई.”

“कोण? आमची?” पलीकडचा आवाज मला चुलीपर्यंत ऐकू आला.

“तुझी हितं भाकरी थापतीया. सरदाराची गेली!”

*

आणि परवा अण्णांचा फोन. “रविवारी पाचवा सुरू करतोय. फोनवरून वाचतेस का? नाहीतर आहेच आपलं, गप्प बसणं.”

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, “व्हय म्हण की!”

रविवारी फोन पिठाच्या डब्यावर उभा केला. आत्या पाटावर. पलीकडून मालूताईंचं खोकणं आलं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मी पुस्तक उलटं धरलं. अजून माझं वाक्य यायचं होतं म्हणून बरं.

बंडूकाका म्हणाले, “दारावर थाप.”

अण्णा म्हणाले, “कोण आहे दाराशी?”

पुढं नाव सरदारीणबाईंचं, म्हणजे माझं. तोंड उघडलं आणि रेंज गेली!

फोन घेऊन जिना चढले. गच्चीच्या कोपऱ्यात, टाकीपाशी, कशीबशी रेंज आली. परत लावला. कुणीतरी उचलला, पण बोलेना. हॅलो नाही, काही नाही. एवढ्या वेळात पान उलटून पुढं गेले असतील, नाहीतर फोन पुन्हा मेला असेल. कानाला घट्ट लावला.

पलीकडे बंडूकाका घोरत होते.

आत्या धापा टाकत वर आल्या. फोनला कान लावला, माझ्याकडं बघितलं.

“आगं, थांबल्यात ती माणसं! सांग की त्यास्नी, दाराशी कोण हाय ते.”