सरळ्याने काढलेली पिन

माझ्या धाकट्या भावाचं घरातलं नाव सरळ्या. चार वर्षांचा असताना दाराशी पडलेल्या चपला तो जोडीजोडीने लावायचा, चमचे एका रेषेत मांडायचा आणि पाहुण्यांच्या पिशव्यासुद्धा उंचीप्रमाणे भिंतीला टेकवून ठेवायचा. पुढे तो बाइंडर झाला, पुस्तकं आणि वह्या बांधायला लागला, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. ज्याला वाकडं बघवत नाही त्याने दुसरं करायचं तरी काय?

एका छापखान्याच्या मागच्या बाजूला त्याची खोली आहे. एकीकडे कागद कापायचं यंत्र, दुसरीकडे पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, मध्ये लांब टेबल आणि टेबलावर खळीचं भांडं, दाभण, मेण लावलेला दोरा. या खोलीत त्याचा एकच शत्रू, तो म्हणजे पिन. "पिन म्हणजे कागदाला मारलेला खिळा, ताई," तो मला सांगायचा. "आज धरते, उद्या गंजते, परवा पान फाडते." जुन्या फायली बांधायला आल्या की आधी सगळ्या पिना तो सुरीच्या पाठीने उपसतो आणि शर्टाच्या खिशात टाकतो, कारण एखादी टेबलावर राहिली तर यंत्राचं पातं जायचं. शर्ट धुवायला घेताना भावजय आधी खिसा उलटा करते. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. दत्तक घ्यायचं म्हणून नाव नोंदवलं, त्यातली सहा वर्षं यादीत आपला नंबर कधी लागतो ते बघण्यात गेली. मग एक दिवस समाजसेविका घरी आली आणि चाचरत म्हणाली, दुसऱ्या एका देशात मुलांचं एक घर आहे, तिथल्या काही मुलांना कुणीच नेत नाही, फोटो बघता का? फोटोत पावणेचार वर्षांची मुलगी बाकावर बसलेली. एका पायात लाल मोजा आणि दुसरा पाय प्लास्टरमध्ये, कारण ते पाऊल जन्मापासून आत वळलेलं होतं. भावजयीने फोटो हातात घेतला, सरळ्याला दाखवला आणि म्हणाली, "आपली आहे ही." त्या दिवसापासून घरात तिचं नाव पडलं एकमोजी.

भावजय हॉस्पिटलात कपड्यांच्या खोलीत काम करते, चादरी आणि गाऊन वॉर्डावॉर्डांत देते. दुसऱ्याच दिवशी तिने तो फोटो हाडांच्या डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांच्या आत आणा. एका ऑपरेशनात पाऊल सरळ करतो. नंतर हाडं कडक होतात, मग माझ्यावर भरवसा ठेवू नका." म्हणजे हातात सव्वा वर्ष होतं. कागदपत्रांना असे कितीसे दिवस लागणार, असं आम्हाला वाटलं.

हसू नका. मला तर हसायचा नाही, लाज वाटायचा हक्क आहे. मी स्वतः एकोणतीस वर्षं नळजोडणीच्या खात्यात खिडकीमागे बसले आहे. म्हणूनच सरळ्या माझ्याकडे आला. "ताई, तू खिडकीतली. तुला त्यांची भाषा कळते."

कळत होतीच की. तब्येतीचा दाखला सहा महिने चालतो. पोलिसांचा दाखला तीन महिने चालतो, पण मिळायला चार लागतात. तो येईपर्यंत मिळकतीचा दाखला शिळा होतो आणि तो ताजा केला की तब्येतीच्या दाखल्याची मुदत भरत आलेली असते. एका कागदावर भावजयीचं माहेरचं नाव होतं, दुसऱ्यावर सासरचं, तर ती दोन्ही एकच बाई आहे असा तिसरा कागद मागितला. चौकशीला आलेल्या माणसाने घरातल्या खिडक्या मोजल्या. तीन खिडक्यांच्या घरात मूल जास्त माया लावतं की चारच्या, ते त्याच्या अर्जात लिहिलेलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि भावजय शांतपणे त्याला पाणी नेऊन द्यायची.

तिचा देवावर विश्वास होता, आणि तो बोलायचा नव्हता, वापरायचा होता. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती खिडकीशी दहा मिनिटं डोळे मिटून बसायची, फोटो मांडीवर. मी एकदा चिडून विचारलं, "तुझा देव कुठल्या खिडकीवर बसतो ते तरी सांग, मी जाऊन भेटते त्याला."

"तो खिडकीवर नाही बसत, वन्सं," ती म्हणाली. "रांगेत आहे. आपल्याबरोबर."

या बाईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, फक्त भिंत प्रेमळ होती.

दहा महिन्यांनी सगळे कागद भाषांतर होऊन, शिक्के बसून एका गठ्ठ्यात हाती आले. अडतीस पानं. एकमोजी तेव्हा चार वर्षं सात महिन्यांची होती. गठ्ठा आता फक्त शेवटच्या कचेरीत द्यायचा आणि तिथून तो परदेशी जायचा, दोन महिन्यांचं काम. डॉक्टरांना आम्ही तारीखसुद्धा विचारून ठेवली.

आता त्या गठ्ठ्याचं रूप सांगते. अडतीस पानं एका कोपऱ्यात एकाच पिनेने टोचलेली, तीही तिरकी. पिनेवर कोपरा दुमडलेला आणि त्या दुमडीवर अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा गोल शिक्का. कडा वरखाली, दोन पानं बाहेर डोकावत असलेली. सरळ्याने तो गठ्ठा रविवारी दुपारी आपल्या टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे हिशेब आणि हजेरीपट बांधले होते. हे पहिलं पुस्तक त्याच्या स्वतःच्या लेकीचं होतं. असल्या अवतारात ते तो तिकडे कसं पाठवणार?

त्याने कोपरा उलगडला, सुरीच्या पाठीने पिन काढली, पानं ठोकून एक केली, दोऱ्याने शिवली, पाठीला निळं कापड लावलं आणि रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवली. सोमवारी सकाळी भावजयीने त्या पुस्तकावर दोन्ही तळवे ठेवून डोळे मिटले. मग त्यांनी ते मला दाखवलं. आणि मी, खिडकीमागची एकोणतीस वर्षांची मुरलेली बाई, काय म्हणाले? "वा! काय देखणं झालंय रे." हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

कचेरीत खिडकीमागे एक गृहस्थ होते, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे कुणी केलं?"

"मी," सरळ्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात मी ऐट ऐकली.

"आणि पिन?"

सरळ्याने खिशात हात घालून ती पिन काढली आणि काउंटरवर ठेवली. त्याला वाटलं, साहेबांना पिन परत हवी असेल.

"आता काय उपयोग?" चष्मेवाले म्हणाले. "शिक्का पिनेसकट असतो. पिन काढली की शिक्का तुटला. शिक्का तुटला की अडतीसही कागद रद्द. पहिल्यापासून करा."

मी पुढे झाले. "अहो, कागद तेच, सह्या त्याच. एक पान कमी नाही की जास्त नाही. मोजून घ्या."

"मोजायचं आमचं काम नाही."

"शिक्का मारणारी कचेरी कुठंय?"

"याच इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर."

"मग मी वर जाऊन नवीन शिक्का मारून आणते. दोन मिनिटांचं काम."

"तसं हातोहात चालत नाही. अर्ज टपालाने जातो."

दोन जिने, आणि टपालाने! मी त्या माणसाला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रांगेतली माणसं ऐकत होती. भावजयीने माझा दंड धरला. "वन्सं, पुरे. आपला कागद त्यांच्याच हातून जायचाय." सरळ्याने पिन उचलून परत खिशात टाकली.

बाहेर पायऱ्यांवर तो बसला आणि म्हणाला, "ताई, तिचा पाय मी वाकडा ठेवला." मी त्याला खोटं पाडणार, तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस आला, कडेवर मूल घेतलेला. त्याने नळाचा अर्ज अर्धा निळ्या आणि अर्धा काळ्या शाईने भरला होता. मी तो परत केला होता. नियम होता. तो तीनदा आला. तोवर त्याचं मूल कुठलं पाणी पीत होतं, हे मी त्याला विचारलं नव्हतं.

पुढचे अकरा महिने कसे गेले ते मला कुणी विचारू नये. नवीन संच मागायला कारण लिहून द्यायचं होतं. सरळ्याने खरं कारण लिहिलं, तर ते "अयोग्य हाताळणी" या सदरात गेलं आणि त्याची वेगळी चौकशी लागली. भाषांतर करणारे गृहस्थ गाव सोडून गेले होते. तब्येतीचा दाखला मेला, मग पोलिसांचा. खिडक्या मोजणारा पुन्हा आला आणि त्याने पुन्हा खिडक्या मोजल्या. तेवढ्याच निघाल्या.

आणि तिकडून, मुलांच्या घरातल्या बाईंचं पत्र आलं. एकमोजीचं प्लास्टर काढलंय, पाऊल परत आत वळायला लागलंय, आमच्याकडचे डॉक्टर ऑपरेशनला तयार आहेत, पण मुलगी आता तुम्हाला ठरलेली असल्यामुळे आम्ही सही करू शकत नाही, पालकांची संमती पाठवा. आम्ही ते पत्र घेऊन धावत कचेरीत गेलो. चष्मेवाल्यांनी ते वाचलं. "संमती कशी देणार? तुम्ही अजून पालक कुठे आहात?"

म्हणजे तिकडचे म्हणतात पालक तुम्ही, इकडचे म्हणतात पालक कुणीच नाही. एका पोरीच्या पायाला दोन देशांत मिळून एक सही मिळेना! हाडांना मात्र कुणाची सही लागत नव्हती. ती आपली रोज कडक होत होती. त्या दिवशी मी देवालाही सोडलं नाही. भावजयीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी खिडकीशी जाऊन बसली. फरक इतकाच, की तिच्या शेजारी सरळ्या बसला होता. जन्मात कधी हात न जोडलेला माणूस. काय मागत होता कोण जाणे, पण ओठ हलत होते.

दुसरा संच आला तेव्हा त्याची पिन पहिल्याहून तिरकी होती. सरळ्याने गठ्ठ्याला हात लावला नाही. कचेरीत नेईपर्यंत भावजयीने तो पिशवीत छातीशी धरला होता आणि सरळ्या बसमध्ये दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. चष्मेवाल्यांनी कोपरा पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "हां, आता कसं व्यवस्थित!"

एकमोजी आली तेव्हा पाच वर्षं आठ महिन्यांची होती. विमानतळावर ती दोघांच्या मध्ये एका पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत आली, दोघांचीही बोटं घट्ट धरून. भावजय रडली नाही. ती म्हणाली, "बघा, वन्सं. आली की नाही?" तिचा देव खोटा ठरला नव्हता, आणि तरीही माझा राग काही केल्या उतरेना. एका ऑपरेशनाच्या जागी दोन झाली. पाऊल बरंचसं सरळ झालं, सगळं नाही. एका बुटाला जाड तळवा लावावा लागतो आणि तो कायम लागणार आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणली असती तर...

आता ती आपली भाषा बोलते, सगळी क्रियापदं उलटीसुलटी करून, पण बोलते. दुपारी शाळेतून आली की सरळ्याच्या खोलीत टेबलावर बसते आणि त्याला घडी घालायला कागद देते. मागच्या आठवड्यात मी तिथेच होते. कागद देता देता ती थांबली.

"बाबा, तिकडची बाई रोज म्हणायची, तुझे आईबाबा येतील, येतील. तुम्ही उशिरा का आला?"

मी उत्तर द्यायला सरसावले. चष्मेवाले, खिडक्या मोजणारा, टपाल, अयोग्य हाताळणी, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण सरळ्याने मला हाताने थांबवलं. त्याने टेबलाचा खण उघडला. त्यात एका बाटलीच्या झाकणात ती पिन होती, गंजलेली. त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली.

"तुझ्या कागदाची ही पिन माझ्याकडून निघाली, बाळा. म्हणून उशीर झाला."

एकमोजीने पिन डोळ्यांजवळ नेली, बोटाने फिरवून पाहिली. मग तिने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, मोठी माणसं काहीतरी लपवतात तेव्हा मुलं बघतात तसं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "मग परत लावायची ना!"

सरळ्याने मान खाली घातली आणि घडी घालायला घेतली. मी एकोणतीस वर्षं खिडकीमागे बसले होते, हातात पिनांचा डबा होता, शेजारी शिक्का होता. मला हे एकदाही सुचलं नव्हतं.