स्कर्टची पिन

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली टेपमावशी म्हणायची. गळ्यातली टेप उतरायची ती फक्त अंघोळीला. गिऱ्हाइकाचं माप त्या दोनदा घेत, पोटच्या पोरीचं मात्र नजरेनंच. घरच्या माणसाला कसली आलीय टेप!

लेक दहावीला होती. "आमची डॉक्टर होणार," असं मावशी येईल त्याला सांगत. मग प्रत्येक गिऱ्हाईक दुकानाच्या कोपऱ्यात अभ्यासाला बसलेल्या पोरीला विचारी, यंदा किती टक्के? पोर कसनुसं हसे आणि जेवताना ताटात अर्धं टाकून उठे. कधी डोकं दुखे, कधी पोट. परीक्षा आली की दुखणी येतातच, असं म्हणून मावशी मशीन चालवत राहत.

तिचा स्कर्ट सैल झाला. मावशींनी तो दोनदा आत घेतला आणि दोन्ही वेळा शिव्या घातल्या कापडाला. मेलं धुतलं की ढिलं पडतं!

लेक तिसऱ्यांदा स्कर्ट घेऊन आली, त्याच दिवशी तिच्या मैत्रिणीचा त्याच ताग्यातला स्कर्ट कमरेत वाढवायला आला होता. मावशींनी दोन्ही स्कर्ट शेजारी ठेवून पाहिले; कापड तेच होतं. त्यांनी लेकीच्या कमरेला टेप लावली. वर्षापूर्वी सव्वीसचा शिवलेला स्कर्ट, आणि टेप तेवीसवर थांबली.

मावशींनी तिला दवाखान्यात नेलं, पण तपासण्यांत काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी नाटक करत नाहीये. जिवाला सतत घोर लागला की भूक मरते, झोप उडते, पोट खरंच दुखतं. मावशींना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण नुसती लाज वाटून काय उपयोग, म्हणून त्या कामाला लागल्या.

पोरीचं टेबल दुकानातून आतल्या खोलीत गेलं. रात्री नऊला पुस्तक बंद. दोन्ही वेळा मशीन थांबवून मायलेकी एकत्र जेवू लागल्या. सगळ्यात जास्त काम देणाऱ्या गिऱ्हाईकबाईंनी टक्क्यांचा विषय काढला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "माप द्यायला आलात ना? मग हात वर करा."

एकदा जेवताना लेकीनं हळूच विचारलं, "आई, नाही झाले डॉक्टर तर?"

"तर नाही झालीस. भाजी घे."

स्कर्टची आत घेतलेली शिवण मावशींनी उसवून टाकली आणि कमरेला एक पिन लावून दिली. कापडाला आता हात लावणार नाही, म्हणाल्या.

तीन महिन्यांनी, तिसऱ्या पेपरच्या सकाळी, लेकीनं ती पिन मशीनवर आणून ठेवली. घट्ट होतंय, टोचते, म्हणाली. मावशींनी पिन डबीत टाकली आणि तिला दुसरी पोळी वाढली.