आतल्या बाजूचा पॅड

सकाळचे साडेसात वाजले होते. बायको पिशवीत फाइल, टॉवेल, पाण्याची बाटली भरता भरता मिस्त्रींना बजावत होती, जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या आणि गॅस बंद करायला विसरू नका. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अकराला होतं. तिचा धाकटा भाऊ त्याच्या पिकअपमधून दोघींना उतारावरून खालच्या दवाखान्यात सोडणार, असं ठरलं होतं. मिस्त्री चहावर फुंकर घालत "हं, हं" म्हणत होते.

दारावर थाप पडली. मेहुणा अर्धा तास आधीच आला होता.

"दाजी, विशेष काही नाही," तो चपला न काढताच म्हणाला. "ब्रेक दाबला की खरखरतंय. खडा अडकला असेल. तुम्ही रविवारी बघितलंच होतं, पण नंतर ताईची कटकट नको, म्हणून म्हटलं कानावर घालावं."

मिस्त्रींचा कप ओठांपाशीच थांबला.

गल्लीच्या टोकाला त्यांचं तीस वर्षांचं गॅरेज. गल्लीत त्यांना सगळे ‘चाककाढे’ म्हणत. ब्रेकची तक्रार आली की त्यांचं एकच पालुपद असे, आधी चाक काढू, मग बोलू. घाईतली गिऱ्हाइकं वैतागत. एकाने तर विचारलं होतं, आरसा बसवायलाही चाक काढता का हो? मिस्त्री हसत आणि जॅक लावत.

रविवारी मात्र त्यांनी चाक काढलं नव्हतं.

गेलं वर्षभर गुडघ्यांनी दावा मांडला होता. उकिडवं बसलं की उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. उठताना भिंतीला हात लावायचा, तोही कॅलेंडर बघायच्या निमित्ताने. रविवारी मेहुण्याने ब्रेकचे पॅड बघायला सांगितले, तेव्हा ते नुसते कमरेत वाकले, चाकाच्या भोकांतून टॉर्च मारला, पॅड जाड दिसला आणि म्हणाले, चार महिने बघू नकोस.

"किल्ली दे," ते उठले.

लेकाबरोबर आलेल्या सासूबाई पिकअपच्या पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जावयाने उतरायला सांगितलं तशी त्या म्हणाल्या की ऑपरेशन आपलं आहे का गाडीचं, ते आधी ठरवा. मिस्त्रींनी हात देऊन त्यांना उतरवलं आणि गाडी गल्लीतून चालत्या माणसाच्या वेगाने नेली. ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. तळपायाला कंप जाणवला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं गेलं, म्हणजे डावं चाक नीट धरत नव्हतं. परत येऊन त्यांनी पुढच्या डाव्या चाकाजवळ तळहात धरला. धग लागत होती.

गाडी जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मेहुणा आधी हसला, मग हुज्जतीवर आला. मागे फरश्या भरल्यात, वाटेत उतरवायच्यात, हळू नेईन, हँडब्रेक आहेच की. मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर तो उतार उभा राहिला. दोन वळणं, आणि दुसऱ्या वळणाला लागूनच शाळेचं फाटक. त्यांनी बायकोला टॅक्सी बोलवायला सांगितलं, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला आणि लहान मूल बसतं तसे पाय पसरून थेट जमिनीवर बसले. बायको फोन कानाला लावून बघत राहिली.

चाक निघालं, पॅड दाबणारा कॅलिपर निघाला. ब्रेक दाबला की दोन पॅड चाकामागच्या लोखंडी डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतात. बाहेरचा, भोकांतून दिसणारा, अजून जाडजूड होता. आतल्या पॅडचं मात्र नुसतं पत्र्याचं पान उरलं होतं, आणि त्याने डिस्कवर चर पाडले होते. कॅलिपर ज्या पिनवर सरकतो ती गंजून अडकली होती, म्हणून सगळा भार एकट्या आतल्या पॅडने सोसला होता.

मेहुणा त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. "परवा मी गाडी पाण्यातून घातली होती. तेव्हाच पिन गंजली असणार. माझंच चुकलं, दाजी."

गाडी घालायलाच कशाला हवी होती पाण्यात, म्हणून सासूबाई लेकावर करवादल्या. मिस्त्रींनी आता नुसती मान डोलावली असती तरी विषय तिथेच मिटला असता. त्यांनी पॅडचं पान उलटसुलट केलं.

"दोन दिवसांत एवढं झिजत नाही," ते म्हणाले. "रविवारीच हा संपत आला असणार. मी चाक काढलं नव्हतं."

"ताई आणि आई बसणार होत्या आत."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, चार महिने."

"म्हणालो."

टॅक्सी आली. चढताना सासूबाई पुटपुटल्या की मोतीबिंदू नक्की कुणाला झालाय कोण जाणे. बायकोने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

मेहुण्याने सामान आणून दिलं. नव्या डिस्का, नवे पॅड, नव्या पिना, ग्रीस. पाना, फडकं, धर, सोड, एवढंच काय ते बोलणं. उजव्या चाकाची तक्रार नव्हती, तरी मिस्त्रींनी तेही काढलं. शेवटी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून पाहिलं, गल्लीत चार फेऱ्या मारल्या आणि मग फरश्यांसकट गाडी स्वतः उतारावर घातली. मेहुणा शेजारी दाराची मूठ घट्ट धरून बसला होता. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ राहिली. दुसऱ्या वळणावर पुन्हा दाबला. आवाज नाही, ओढ नाही. शाळेच्या फाटकासमोर त्यांनी गाडी पूर्ण थांबवली.

मेहुण्याने मूठ सोडली. "आता मी चालवू?"

मिस्त्री जागा बदलत होते तेवढ्यात बायकोचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आई पट्टीवरून नर्सशी भांडत होती. येताना काही आणायचंय का, तिने विचारलं. एरवी काही नको, हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

"एक बुटकं स्टूल आण," ते म्हणाले. "वीतभर उंचीचं. मला आता खाली बसवत नाही."