स्क्रीवर कुणी म्हातारं होत नाही

ऑरिन ट्वाइट रोज सकाळी कॉफी चढवायच्या आधी दारावरच्या खुंट्यांवरून रायफल खाली घेई, बोल्टाची सरकती दांडी मागे ओढी आणि उजव्या हाताची करंगळी काडतुसाच्या घरात घालून बघे. आत काही नसे. असायचं कारणच नव्हतं. आदल्या सकाळी त्यानंच बघितलेलं असे. तरी तो करंगळी घाली, तिला लागलेलं तेल अंगठ्यावर पुसे, रायफल परत खुंट्यांवर ठेवी आणि मगच दिवस उजाडला असं धरी.

"डोळे खोटं बोलतात," तो म्हणे. "करंगळीला ते जमत नाही."

मोंटानातल्या त्या गावात त्याला दोन कारणांसाठी ओळखत. एक म्हणजे टेलिफोनच्या तारा ओढण्याची नोकरी सांभाळून त्यानं एकतीस वर्षं शाळेच्या व्यायामशाळेत पोरांना बंदूक कशी धरायची ते फुकट शिकवलं होतं. दुसरं म्हणजे त्यानं अकरा कादंबऱ्या लिहिल्या होत्या, सगळ्या स्क्री नावाच्या ग्रहावरच्या. दरवर्षी जत्रेच्या मैदानावर बंदुकांचं प्रदर्शन भरे, तिथे वाळवलेलं मांस विकणारा आणि सुऱ्यांना धार लावणारा यांच्या मधल्या टेबलावर तो आपली पुस्तकं मांडून बसे. प्रकाशक दर खेपेला मुखपृष्ठावर तलवार घेतलेली बाई छापत असे. अकराही पुस्तकांत एकसुद्धा तलवार नव्हती.

स्क्रीवर सरकार नव्हतं, पोलीस नव्हते, कुंपणं नव्हती. दगड, वारा आणि तेरा विहिरी. पृथ्वीवरून हाकललेल्यांच्या नातवंडांनी तिथे एकच कायदा ठेवला होता: दुसऱ्याच्या हातातलं मागू नये. बंदूक असो, पाणी असो की मत असो. ज्याला द्यायचं असेल तो देईल. प्रत्येक कादंबरीत कुणीतरी हा कायदा मोडायला येई. कधी कंपनी, कधी सैन्य, एकदा तर अगदी सज्जन असा धर्मोपदेशक. आणि दर वेळी स्क्रीची माणसं आपापल्या उंबऱ्यावर उभी राहत.

हे सगळं टाइप करायची ती आर्डिस, त्याची बायको. ऑरिन पिवळ्या कागदांवर पेन्सिलीनं लिही, ती खिडकीपाशी बसून ते उतरवून काढी आणि समासात शेरे मारी. 'हे भाषण झालं.' 'ही बाई तीन पानांत एकदाही जेवलेली नाही.' तो निम्मे शेरे ऐके.

त्यांची ओळखच मुळी व्यायामशाळेत झाली होती. आर्डिस बावीस वर्षांची, गावच्या वाचनालयात नवीन लागलेली. शिकारीचा परवाना हवा म्हणून त्या वर्गाला बसली. तिथे एक रीत होती, आजही आहे. बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना बोल्ट उघडा ठेवायचा. घेणाऱ्यानं आत बघायचं, करंगळी घालायची आणि ती रिकामी आहे अशी खात्री झाली की म्हणायचं, 'धन्यवाद'. तो शब्द कानावर पडेपर्यंत देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. आर्डिसनं हसून आधीच धन्यवाद म्हटलं. ऑरिननं तिला नापास केलं.

"शिष्टाचार म्हणून म्हणाले मी!"

"हा शिष्टाचार नाही," तो म्हणाला. "ही पावती आहे. आधी बघ, मग म्हण."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. वसंतात लग्न झालं.

अकरावी कादंबरी येऊन बरीच वर्षं लोटल्यावर एक पत्र आलं. ओहायोतल्या एका बाईचं. तिनं सगळी पुस्तकं वाचली होती, नवऱ्यानं आणि तिनं मिळून. आता तिचे वडील त्र्याऐंशीचे झाले होते, तिला ओळखत नव्हते आणि उशीखाली पिस्तूल घेऊन झोपत होते. 'तुमच्या स्क्रीवरची माणसं अशा वेळी काय करतात?' एवढंच विचारलं होतं. रागानं नाही, शेजाऱ्याला विचारावं तसं.

ऑरिननं ते पत्र मर्ल कुलमनला दाखवलं. मर्लचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. ऑरिनची प्रत्येक कादंबरी सगळ्यात आधी वाचून तिची खिल्ली उडवायचा हक्क त्याच्याकडे चाळीस वर्षांपासून होता.

"बरोबर नस पकडलीय बाईनं," मर्ल म्हणाला. "अरे लेखकमहाशय, तुझ्या स्क्रीवर कुणी म्हातारं होतच नाही! मी मोजलंय. पन्नाशीच्या आत सगळे एक तर शूरपणे मरतात, नाही तर यानात बसून निघून जातात. गुडघा दुखतोय असं म्हणणारा एक माणूस दाखव मला."

"गुडघेदुखीवर कोण पुस्तक विकत घेणार?"

"मी घेईन. मोठ्या टायपात छाप."

घरी येऊन ऑरिननं त्या बाईला दोनच शब्द लिहिले: 'विचार करतोय.' आणि बारावी कादंबरी सुरू केली. तिच्यात हार्ल नावाचा एक म्हातारा विहीर-राखणदार होता. त्याची नजर गेली होती, माणसं ओळखू येत नव्हती. एका संध्याकाळी सावलीवर झाडलेली त्याची गोळी नातीच्या केसांवरून गेली. शेजारी जमले. मागायचं नाही हा कायदा. मग करायचं काय? एकोणिसावं प्रकरण तिथे येऊन थांबलं. शेजारी उंबऱ्यावर उभे, कुणी बोलत नाही.

आर्डिसनं ते प्रकरण ऑगस्टमध्ये टाइप केलं. सप्टेंबरात त्यानं पुन्हा दिलं. तिला वाटलं, सुधारलं असेल. ऑक्टोबरात, डोंगरावरची लार्चची झाडं पिवळी पडली तेव्हा, तिसऱ्यांदा दिलं. तिन्ही मजकूर तिनं शेजारी ठेवून पाहिले. शब्दाला शब्द तेच. एक चुकलेलं क्रियापदसुद्धा तिन्हीकडे त्याच जागी चुकलेलं. आणि तो मात्र दर वेळी म्हणाला होता, "आत्ताच सुचलं बघ."

तिनं कुणाला सांगितलं नाही. सकाळी कॉफी आधी होऊ लागली. कधी रायफल दोनदा खाली यायची, कधी यायचीच नाही. वय झालं की सवयी सैल होतात, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग तो गुरुवार. आदल्या दिवशी कोल्ह्यासारखा एक कोयोट कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आला होता. ऑरिननं रायफल भरली होती, पण कोयोट पळाला होता. गुरुवारी आर्डिस रायफल पुसायचं फडकं घेऊन आली. ऑरिननं रायफल तिच्या हातात दिली. बोल्ट बंद होता.

"धन्यवाद," ती म्हणाली. सेहेचाळीस वर्षांच्या सवयीनं, न बघता.

त्यानं हात सोडला. टेबलाशी बसून तिनं बोल्ट मागे ओढला, तेव्हा पितळेचं काडतूस टपकन फडक्यावर पडलं. ऑरिन शेजारच्या खोलीत शीळ घालत होता. तिनं ते काडतूस स्वेटरच्या खिशात टाकलं आणि नऊ दिवस तिथेच ठेवलं.

सहाव्या दिवशी ती मर्लच्या दुकानात गेली. त्यानं ऐकलं, हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"मागच्या खोलीतल्या तिजोरीत तिघांच्या बंदुका आहेत," तो म्हणाला. "एकाची बायको गेली, एकाचं शेत गेलं, तिसऱ्याचं काय गेलं ते मी विचारलं नाही. आपणहून आणून दिल्या, बरं वाटलं की घेऊन जातील. आपल्याकडे असंच चालतं. पण त्यांच्या दारात जाऊन मी मागितल्या नाहीत, आर्डिस."

"ऑरिनकडे मागशील?"

"ऑरिनकडे?" मर्ल कोरडं हसला. "तो मला हाकलून देईल. आणि त्याचं बरोबर असेल. तीच तर पंचाईत आहे."

नवव्या दिवशी ऑरिन टपाल आणायला गेला असताना आर्डिसनं रायफलीचा बोल्ट काढला आणि पिठाच्या डब्यात खोल खुपसला. बोल्टावाचून रायफल म्हणजे काठी. मग ती टाइपरायटरसमोर जाऊन बसली. पण हात चालेनात. चौथ्या कादंबरीतलं एक वाक्य डोक्यात घोळत राहिलं. तिनं समासात 'हे भाषण झालं' लिहूनही त्यानं ते ठेवलं होतं. 'चोर निदान वस्तू तुझी आहे हे कबूल करतो. तुझ्या भल्यासाठी घेणारा तेवढंही करत नाही.'

तिला त्या वाक्याचा राग आला. मग स्वतःचा आला. त्याच्या डोक्यातून रोज काहीतरी न विचारता जात होतं. त्यात आपण आणखी एक हात घालायचा? आणि नाही घातला तर? पुढच्या गुरुवारी मर्लची नात अंडी न्यायला आली तर?

दोन तासांनी तिनं बोल्ट डब्यातून काढला, झटकला, पुसला आणि जागेवर बसवला.

दुसऱ्या सकाळी ऑरिनला आठवण होती. त्यानं रायफल खाली घेतली, बोल्ट ओढला, करंगळी घातली आणि बाहेर काढून बघत राहिला. करंगळी पांढरी झाली होती.

"आर्डिस. हे पीठ आहे."

"हो."

"रायफलीत पीठ कसं?"

"काल मी बोल्ट काढून डब्यात लपवला होता. मग परत बसवला."

तो सावकाश खुर्चीवर बसला. "का लपवलास, बाईसाहेब?"

"का परत बसवला ते विचार. अकरा पुस्तकं टाइप केलीत मी तुझी. मागता येत नाही, चोरता येत नाही. मग काय करायचं, ते तू कुठे लिहून ठेवलंयस?"

तिनं खिशातून काडतूस काढून त्याच्यासमोर उभं ठेवलं. "मागच्या आठवड्यात गुरुवारी तू रायफल माझ्या हातात दिलीस, तेव्हा हे आत होतं. मी काही मागत नाहीये. फक्त सांगतेय."

"शक्य नाही."

"बोल्टही बंद होता."

"शक्य नाही, म्हटलं ना!" त्याचा हात टेबलावर आपटला. काडतूस आडवं झालं, घरंगळलं. तिनं ते कडेला अडवलं. मग एकदम त्यानं मान वर केली. "आणि तू बघितलं नाहीस?"

"नाही. आधीच धन्यवाद म्हणाले."

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "दुसऱ्यांदा नापास."

"हो. पण या खेपेला दोघंही."

तो उठून बाहेर गेला. दुपारपर्यंत आर्डिसला कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येत होता. आवाज थांबला की ती थांबे; पुन्हा सुरू झाला की ती बटाटे सोलू लागे. तो आत आला तेव्हा बाहीला ढलप्या चिकटलेल्या होत्या.

"एकोणिसावं प्रकरण मी तुला किती वेळा दिलंय?"

"तीनदा."

"वेगवेगळं?"

"नाही."

"निदान बरं होतं का?"

"तिन्ही वेळा बरं होतं."

त्यानं मान डोलावली. "हार्लच्या दारात मी शेजारी उभे केलेत," तो म्हणाला. "सगळं प्रकरण त्यांच्याकडे बघत लिहिलं. चुकीच्या बाजूनं लिहीत होतो. दाराच्या आत कोण आहे ते बघायला हवं होतं."

सोमवारी त्यानं घरातल्या सातही बंदुका पिकअपमध्ये घातल्या. गाडी आर्डिसनं चालवली. मर्लनं दुकानाच्या दाराला 'बंद' अशी पाटी लावली. ऑरिन एकेक बंदूक पुढे करी, बोल्ट उघडा ठेवून. मर्ल आत बघे, करंगळी घाली, धन्यवाद म्हणे. मग ऑरिन हात सोडी. मर्ल प्रत्येकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधत होता, चिठ्ठीवर ऑरिनचं नाव.

"तुझ्याच आहेत," तो म्हणाला. "इथे आहेत, एवढंच."

"माहितीये. वाचता येतं मला अजून."

शेवटी दारावरची रायफल राहिली, ऑरिनच्या वडिलांची. मर्लचे डोळे भरून आले होते. त्यानं ती धरली आणि पटकन म्हणाला, "धन्यवाद."

ऑरिननं सोडली नाही.

"करंगळी कुठाय तुझी?"

"ऑरिन..."

"एकतीस वर्षं मी पोरांना याच्यासाठी घरी पाठवलंय. आधी बघ."

मर्लनं डोळे पुसले, बघितलं, करंगळी घातली. "रिकामी आहे. धन्यवाद." तेव्हा कुठे ऑरिनचा हात सुटला.

एकोणिसावं प्रकरण त्या हिवाळ्यात चौथ्यांदा लिहिलं गेलं. थोडं त्यानं लिहिलं, थोडं सांगितलं आणि आर्डिसनं टाइप केलं. त्यात हार्ल दार आतून उघडतो आणि कुणी काही बोलायच्या आत बंदूक पुढे धरतो. नात म्हणते, आम्ही तर मागितली नव्हती. हार्ल म्हणतो, म्हणून तर देता येते. आर्डिसनं समासात काही लिहिलं नाही. ओहायोला एक प्रत गेली. मुखपृष्ठावर तलवार घेतलेली बाई होतीच.

ऑरिन त्यानंतर दोन हिवाळे जगला. स्क्री विसरला, मर्लला कधी कधी विसरला, पण सकाळी उठून दारापाशी जाणं विसरला नाही. हात रिकाम्या खुंट्यांपर्यंत जाई आणि तिथेच राही. आर्डिस मग तिथेच त्याच्या हातात कॉफीचा कप देई. तो कपात डोकावून बघे, कधी करंगळीसुद्धा घाली आणि पोळली की चिडे. मग धन्यवाद म्हणे. तोवर ती सोडत नसे.

मार्चमधल्या एका सकाळी, छपरावरचा बर्फ वितळून थेंब थेंब गळत असताना, त्यानं खिडकीपाशी बसून कप तिच्यापुढे धरला. ती दुसरीकडे बघत होती. तिनं हात पुढे केला. त्यानं कप घट्ट धरून ठेवला.

"रिकामा नाहीये," तो म्हणाला. "बघून घे."