सोपको सरांचा प्रचार

टॅलमन गावात नॉर्बर्ट सोपकोंना कुठलंही घर नंबरावरून कधी सापडलं नाही. त्यांना घरं वाद्यांवरून कळत. हिरव्या खिडक्यांचं ते क्लॅरिनेटवालीचं, कोपऱ्यावरचं त्या दोघा ट्रम्पेटवाल्या भावांचं, आणि अंगणात मोडकी होडी पडलेली असते ते ट्रॉम्बोनवाल्याचं. हा ट्रॉम्बोनवाला चार वर्षांत एकदाही सरावाला वेळेवर आला नाही आणि आता गावच्या अग्निशमन दलात आहे. छत्तीस वर्षं टॅलमन हायस्कूलचा बँड चालवल्यावर माणसाचं असंच होणार. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी दुकानात एखादी पन्नाशीची बाई वाकून चालताना दिसली की सर मनातल्या मनात तिला दटावत, ताठ उभी राहा, श्वास पोटातून घे.

ही शाळा कोबीच्या शेतात उभी राहिली. क्लीव्हलंडच्या दक्षिणेला मोटारींचा कारखाना आला, कामगारांसाठी एकसारख्या घरांच्या रांगा पडल्या आणि त्या घरांत पोरं इतकी झाली की शाळेचं छप्पर पुरं होण्याआधीच वर्ग भरले. मग दर दोन-चार वर्षांनी जमेल तिथं एक नवा भाग चिकटवत गेले. सगळा मिळून आराखडा असा कुणी केलाच नाही. त्यामुळे इमारत एकमजली आणि पसरलेली, नवं पोर पहिला आठवडा हमखास वाट चुकायचं. एके काळी तीन हजार मुलं दोन पाळ्यांत शिकत. गावाला ना चौक, ना जुना बाजार, ना नदीकाठ. चर्चं होती, पण ती ज्याची त्याला. सगळ्यांची मिळून एक शाळाच होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्या मैदानावर अख्खं गाव जमायचं. फुटबॉलचा आमचा संघ हरण्यात पटाईत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. लोक यायचे ते मध्यंतरासाठी. तेव्हा दोनशेवर पोरं निळे कोट घालून मैदानात उतरायची, आणि ज्यांचा संघ सपाटून मार खाऊन बसलाय असे बाप उभे राहून टाळ्या वाजवायचे.

सर इथं आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि एकच वर्ष राहणार होते. वडील स्लोव्हाक वस्तीतल्या बेकरीत भट्टीवर. घरात वाजायचं ते मामाचं अकॉर्डियन. नॉर्बर्टला शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचं होतं. दोनदा परीक्षा दिली, दोनदा नापास झाले, आणि तिसऱ्यांदा द्यायची ती पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता केस पांढरे झाले. शाळेच्या ग्रंथालयातल्या आयरीनशी लग्न झालं, एक मुलगी झाली, ती ॲरिझोनाला गेली. तीन वर्षांपूर्वी आयरीन वारली. मुलगी दर रविवारी फोन करून विचारते, बाबा, त्या थंडीत एकटं काय धरून बसलायत? सर म्हणतात, बघू.

मध्यंतरी कारखाना बंद झाला. ज्यांना जमलं ते आणखी दक्षिणेला, नव्या कोऱ्या गावांत, नव्या कोऱ्या शाळांजवळ गेले. ज्यांची पोरं मोठी होऊन पांगली होती ते म्हातारे इथंच राहिले. हमरस्त्याच्या पलीकडे भाड्याच्या घरांच्या तिमजली इमारती झाल्या, लेकमाँट म्हणतात त्यांना. तिथं शहरातून आलेली काळी कुटुंबं, पोर्तो रिकोची माणसं आणि अलीकडे नेपाळी बिऱ्हाडं राहतात. शाळा निम्मी झाली, एक भाग कुलूपबंद झाला, व्यायामशाळेत छपराखाली बादल्या आल्या. बँड मात्र होता. पोरं साठच, पण निळे कोट तेच. आता त्यांतली बहुतेक लेकमाँटची होती, आणि विकत घेणं परवडत नाही म्हणून त्यांना वाद्यं शाळाच द्यायची.

आमच्याकडे शाळेचा पैसा येतो तो बराचसा घरपट्टीतून, आणि ती वाढवायची तर गावाला मत विचारावं लागतं. गावाने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्या खेपेआधी शाळामंडळाने जाहीर करून टाकलं की या वेळी ठराव पडला तर बसगाड्या बंद, चित्रकला बंद आणि बँड कायमचा बंद. वाद्यंही विकून टाकणार. हे वाचलं त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मार्लीन डुडाच्या दारात उभे राहिले.

मार्लीन एके काळी बँडच्या पुढे तालाचा दंड फिरवत चालायची. आता ती घरं विकण्याचा व्यवसाय करते आणि ठरावाच्या बाजूच्या प्रचाराची सगळी सूत्रं तिच्याच हातात होती. तिच्या स्वयंपाकघरात कॉफीचे पेले रिचवत पाचसहा जणांनी बेत आखला. मतदान मे महिन्यातलं, त्या दिवशी दुसरं काहीच नसतं, म्हणून फार कुणी फिरकत नाही. तेव्हा गाजावाजा करायचा नाही, विरोधकांना जाग आणायची नाही. नेमाने मत देणारी जी घरं आहेत तेवढीच गाठायची. कोण कुणाकडे जाणार हे ठरत असताना सरांनी सहज विचारलं, लेकमाँटकडे कोण जातंय?

"तिकडे नको, सर," मार्लीन म्हणाली. "ती माणसं मतच देत नाहीत. आज इथं, उद्या तिथं. तुमचे गुडघे आधीच बोंबलतायत, ते तिकडचे जिने चढण्यात घालवू नका. तुम्ही आपल्या लोकांकडे जा. तुम्हाला तोंडावर नाही म्हणायची कुणाची हिंमत आहे?"

सरांना ते पटलं. नुसतं पटलं नाही, तर आवडलं. आपल्या लोकांकडे जायला कुणाला आवडत नाही?

एप्रिलभर सर दारोदार फिरले. ठरावाला हो म्हणा असं लिहिलेल्या, अंगणात रोवायच्या निळ्या पाट्या काखोटीला, गुडघ्याला पट्टा. अशी आवभगत त्यांच्या आयुष्यात कधी झाली नव्हती. प्रत्येक दारात आधी एक आरोळी उठे, मग आतून नवऱ्याला नाही तर बायकोला हाक, मग कुणीतरी माळ्यावरून जुना फोटो काढायचं. नटरोलचे, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड पावाचे, इतके तुकडे खाल्ले की डॉक्टरांना कळतं तर त्यांनी हात जोडले असते. क्लॅरिनेटवाली रडली. ट्रम्पेटवाले भाऊ आपसांत बोलत नव्हते, पण दोघांनी पाट्या घेतल्या. ठरावाची गोष्ट निघाली की सगळे म्हणत, म्हणजे काय सर, तुम्ही स्वतः आलात, आता विचारायचं काय राहिलं?

फक्त होडीवाल्या घरात ट्रॉम्बोनवाल्याने सरांना पायरीवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. त्याचं नाव रुडी बार्टको.

"पाटी नको, सर. मी नाही म्हणणार आहे, तुम्हाला फसवायचं नाही. आईची घरपट्टी मीच भरतो, माझी मी भरतो, आणि माझी पोरं कधीच शिकून गेली. तिथं आता आपलं कोण आहे?"

"बँड आहे," सर म्हणाले.

"बँड आपल्या वेळी होता, सर."

सर रागावले नाहीत, पण त्याचा हातही हातात घेतला नाही. घरी जाताना त्यांना वाटलं, हा पहिल्यापासून असाच, बेसूर. आता विचार केला तर गावात त्या महिन्यात सरांशी खरं बोललेला माणूस हा एकटाच. बाकीच्यांनी भिडेखातर पाटी घेतली, नटरोल खिलवला, आणि मतदानाच्या पडद्याआड गेल्यावर आपला खिसा चाचपला. त्यांना वाईट म्हणवत नाही. पेन्शन अर्ध्यावर आलेली, औषधं महाग, आणि शाळेत आपलं पोर नाही. पण मग पाटी कशाला घ्यायची? सरांसारख्या माणसाला महिनाभर आशेवर का ठेवायचं? याचा राग मला आजही येतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी सर गाडी घेऊन गावातून एक चक्कर मारून आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याच निळ्या पाट्या. त्यांनी मुलीला रविवार नसताना फोन केला आणि सांगितलं की जिंकलो म्हणून समज. ती म्हणाली, बाबा, जपून. सर हसले.

ठराव साठेक मतांनी पडला. सरांच्या स्वतःच्या भागात, जिथं पाटी नसलेलं अंगण शोधावं लागे, तिथंच सगळ्यात जास्त नकार निघाले. मार्लीनच्या स्वयंपाकघरात पिझ्झा तसाच गार झाला. ती म्हणाली, आपण करण्यासारखं सगळं केलं, सर. सरांनी मान हलवली, कोट घातला आणि निघाले. गाडीत बसल्यावर ते मोठ्याने एवढंच म्हणाले, "क्लॅरिनेटवालीसुद्धा?"

जूनमध्ये मुख्याध्यापकांचा फोन आला. बँडची तरुण शिक्षिका दुसऱ्या गावी नोकरी धरून निघून गेली होती, आणि मुलांकडची वाद्यं परत घ्यायला वाद्यं ओळखणारा माणूस हवा होता. दुसरं कोण जाणार? सर गेले. बँडच्या खोलीत एक लांब टेबल मांडलं होतं. एकेक पेटी यायची, सर ती उघडायचे, झडपा दाबून बघायचे, नळीवरून हात फिरवायचे आणि बंद करून मागे ठेवायचे. पुष्कळ मुलांबरोबर आई नाही तर बाप होता, कारण वाद्य परत केलं नाही तर निकाल अडेल असं शाळेने कळवलं होतं.

एक बाई दवाखान्यातल्या मदतनिसांच्या कपड्यांत थेट कामावरून आली होती. बरोबर तिची मुलगी कॅमिल, आणि दोघींच्या मध्ये सूझाफोन, अंगाभोवती वेटोळं घालून वाजवायचं ते भलंमोठं पितळी धूड. सरांनी ते फिरवून पाहिलं आणि ते चकित झाले. इतकं लख्ख घासलेलं पितळ त्यांनी आपल्या चांगल्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. ते कॅमिलला म्हणाले की वाद्य छान ठेवलंयस. तिने खाली पाहिलं आणि ती बाहेर निघून गेली.

बाई तिथंच उभी राहिली. तिचं नाव व्हर्ना टॉलिव्हर.

"तुम्हीच ना पूर्वीचे सर? मग मला सांगा, हे ठरवलं कुणी?"

"गावाने," सर म्हणाले. "मतदान झालं."

"कधी?"

"मे महिन्यात. पाट्या लावल्या होत्या सगळीकडे."

"पाट्या तुमच्या बाजूला होत्या. त्या मी बसमधून रोज बघायचे. मला वाटलं घरपट्टीचं काहीतरी आहे, म्हणजे ज्यांची घरं आहेत त्यांनी बघायचं. आम्ही भाडेकरू, आम्हाला कोण विचारतंय? म्हणजे आम्हाला मत होतं यात?"

"होतं."

"तेव्हा कुणीच कसं आलं नाही हो? लेकमाँटमध्ये ज्या दारावर टकटक कराल तिथं या शाळेतलं पोर आहे. माझ्या एका जिन्यावर तिघं बँडमधली."

सरांना कारण माहीत होतं. तुम्ही मत देत नाही असं आम्ही धरून चाललो, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. त्यांना लाज वाटली, इतकी की समोर बघवेना. बार्टको खोटं बोलला नव्हता, क्लॅरिनेटवाली दुष्ट नव्हती. आपणच आपल्या बँडला सोडून आपल्या जुन्या कौतुकाच्या दारी महिनाभर भीक मागत फिरलो, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

"किती मतं कमी पडली?" बाईने विचारलं.

"साठेक."

व्हर्ना टॉलिव्हरने मागे वळून पाहिलं. सरांनीही पाहिलं. पेट्या घेतलेली मुलं आणि त्यांचे आईबाप यांची रांग खोलीच्या दारातून बाहेर गेली होती, कपाटांच्या कडेने कोपऱ्यापर्यंत पोचली होती आणि कोपऱ्यावर वळून पुढे दिसेनाशी झाली होती.

"एवढ्या माणसांतच भागलं असतं," ती म्हणाली, आणि पोरीच्या मागे गेली.

सरांनी सूझाफोन उचलून मागे ठेवला. रांगेतल्या पुढच्या माणसाने पेटी टेबलावर ठेवली होती. सरांनी तिचे खटके उघडले.